बावन्न आणि पंचवीस : माझ्या वर्गातील एका चुकीचा अभ्यास

गणिताच्या शिक्षकाने स्वतःच्या वर्गाचे संशोधन करावे, असे आपल्याकडे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. त्याला 'कृतिसंशोधन' असे भारदस्त नाव आहे. मी डी.एड. करीत असताना कृतिसंशोधनाची एक फाईल सादर करावी लागे. निळ्या पुठ्ठ्याची ती फाईल अजून माझ्या कपाटात आहे. हातच्याच्या बेरजेत तिसरीच्या मुलांना येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरील उपाय, असा तिचा विषय. समस्या, संभाव्य कारणे, गृहीतक, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, निष्कर्ष अशी सगळी प्रकरणे तिच्यात रीतसर आहेत. आदल्या वर्षीच्या एका मुलीची फाईल समोर ठेवून मी ती चार रात्रींत लिहिली. उत्तरचाचणीत माझी सगळी मुले पुढे गेली होती. अशा फाईलमध्ये मुले कधी मागे जात नाहीत.

त्या फाईलची मला लाज वाटते, असे म्हटले तर ते अर्धेच खरे होईल. त्या वेळी लाज वाटली नव्हती. सगळेच तसे करीत होते, आणि तपासणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. लाज वाटली ती पुष्कळ नंतर, एका साध्या वहीमुळे. हा लेख त्या वहीविषयी आहे.

माझी शाळा सत्तरी तालुक्यातली. सरकारी मराठी प्राथमिक शाळा, दोन शिक्षक आणि चार इयत्ता. दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत बसतात आणि ती खोली माझ्याकडे असते. मुले घरी कोकणी बोलतात. काहींच्या घरी कन्नड आहे, एका-दोघांच्या घरी हिंदी. शाळेची भाषा मराठी. मराठी ही या मुलांना घराच्या शेजारची भाषा आहे; कोणाला अगदी भिंतीला भिंत लागून, कोणाला दोन गल्ल्या सोडून.

दर बुधवारी मी संख्यांचे श्रुतलेखन घेत असे. दहा संख्या सांगायच्या, मुलांनी पाटीवर किंवा वहीत अंकांत लिहायच्या, मी बरोबर-चूक करून दहापैकी गुण द्यायचे. वर्षानुवर्षे हे चालू होते. मी 'बावन्न' म्हणावे आणि कोणीतरी २५ लिहावे, हेही वर्षानुवर्षे चालू होते. मी त्यावर लाल फुली मारीत असे आणि ५२ दहा वेळा लिहून आणायला सांगत असे. 'लक्ष नाही' हे माझे निदान होते आणि 'दहा वेळा लिही' हे औषध.

एका वर्षी तिसरीतल्या दोन मुलांना सलग तीन बुधवार दहापैकी दोन-दोनच गुण मिळाले. आपण त्यांना 'म' आणि 'र' म्हणू. दोघांनाही मी मागे पडलेल्या मुलांच्या यादीत घातले. शाळा सुटण्यापूर्वीचा अर्धा तास त्यांना वेगळे बसवून मण्यांची माळ, काड्यांचे गठ्ठे, एकक-दशक असे सगळे पहिल्यापासून सुरू केले. चतुर्थीच्या सुटीनंतर हे सुरू झाले आणि दिवाळीची सुटी आली तरी दोघांचे गुण जिथे होते तिथेच होते. उपचार एकच, परिणाम शून्य. तेव्हा कुठे माझ्या मनात आले की रोग एकच आहे हे तरी मी कशावरून ठरवले?

ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हते. माझ्या गुणवहीत 'दहापैकी दोन' एवढेच होते. उरलेल्या आठ ठिकाणी त्या मुलांनी काय लिहिले होते, ते माझ्या लाल शाईखाली गेले होते.

मग मी दोनशे पानी एक वही घेतली आणि स्वतःसाठी एकच नियम केला. बरोबर की चूक हे लिहायचे नाही. मी काय म्हटले आणि मुलाने काय लिहिले, एवढेच लिहायचे. डावीकडे 'बावन्न', उजवीकडे २५. डावीकडे 'एकोणचाळीस', उजवीकडे ४१. कारण लिहायचे नाही, शेरा लिहायचा नाही. हे वाटते तितके सोपे नाही. पहिल्या दोन आठवड्यांत माझा हात पुन्हा पुन्हा 'गोंधळ', 'घाई', 'दुर्लक्ष' असे शब्द लिहायला जात होता, आणि प्रत्येक वेळी मला ते खोडावे लागत होते.

हे मी काही नवे करीत नव्हते. 'कृतिसंशोधन' हा शब्द अमेरिकेत कर्ट ल्यूइन यांनी १९४६ मध्ये वापरात आणला. स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या आपल्या पुस्तकातून तो शाळेच्या दारात आणला. आणि इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये 'शिक्षक हाच संशोधक' ही भूमिका ठामपणे मांडली. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर भावनगरच्या गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' आहे. १९३२ साली गुजरातीत आलेल्या त्या छोट्या पुस्तकात लक्ष्मीराम नावाचा शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो आणि आपले प्रयोग, फजितीसकट, सांगत जातो. बडोद्याकडच्या वाचकांना ते सांगायला नको. पण त्या वर्गात गोष्टी, खेळ आणि नाटके जेवढी आहेत तेवढे गणित नाही, अशी गणित शिकवणारी म्हणून माझी जुनी तक्रार आहे.

आता वहीकडे येते.

पाचसहा बुधवार गेल्यावर चुका आपोआप गटांत पडू लागल्या. पहिला गट सर्वांच्या ओळखीचा, आकड्यांची अदलाबदल. बावन्न म्हटले की २५, त्रेसष्ट म्हटले की ३६. मराठीत संख्या ऐकताना आधी एकक कानावर पडते आणि मग दशक. लिहिताना मात्र आधी दशक आणि मग एकक. 'बा' आधी ऐकू येतो, म्हणून २ आधी लिहिला जातो. कान आणि हात यांची दिशा उलट आहे. हे केवळ मराठीचे दुर्दैव नाही. कोकणी, हिंदी, गुजराती या साऱ्यांत हाच क्रम आहे. जर्मन, डच आणि अरबीतही एकक आधी बोलतात, आणि जर्मन बोलणारी मुले श्रुतलेखनात हीच अदलाबदल करतात, हे तिकडच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. उलट कन्नड किंवा तेलुगू घरात मूल आधी दशक ऐकते. कन्नडमध्ये बावन्न म्हणजे 'ऐवत्तेरडु', अगदी सरळ पन्नास-दोन.

दुसरा गट मला अनपेक्षित होता. 'एकोण'ने सुरू होणाऱ्या संख्यांपाशी सर्वांत जास्त पडझड होती, आणि ती एका प्रकारची नव्हती. एकोणचाळीस ऐकून कोणी ४१ लिहीत होते, कोणी ४९, कोणी १४. ४१ लिहिणाऱ्या मुलाचे तर्कशास्त्र बघा : त्याला 'एक' ऐकू आले, 'चाळीस' ऐकू आले; चाळीस आणि एक, एक्केचाळीस. ४९ लिहिणाऱ्याला एकोणमध्ये कुठेतरी नऊ आहे हे आठवत होते आणि चाळीस तर कानावर पडलेच होते. १४ वाला पहिल्या गटातला, एक आधी आणि चाळीसचा चार मागून. तिघांनाही मी इतकी वर्षे एकच फुली देत आले होते. त्यांतल्या एकानेही निष्काळजीपणा केला नव्हता. उलट ऐकलेल्या प्रत्येक तुकड्याला त्यांनी अर्थ दिला होता.

तिसरा गट रूपांचा. 'दोन' हा शब्द आपण मुलांना पहिलीत शिकवतो आणि नंतर तो जवळजवळ काढून घेतो. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव : नऊ संख्या, पण 'दोन' एकीतही नाही. संस्कृतातल्या 'द्वा'चा 'बा' झाला आणि त्याने पुढे हे वेश घेतले, हे आपण भाषेची माणसे कौतुकाने सांगतो. सात वर्षांच्या मुलाला त्या कौतुकाचा उपयोग नाही. दशकांचेही तसेच. 'पन्नास' कुठे 'वन्न' होतो, कुठे 'पन्न'. बावन्न पण त्रेपन्न, पंचावन्न पण छप्पन्न. 'सत्तर'चा 'हत्तर' झाल्यावर त्याचा सातशी संबंध मुलाच्या कानाला लागतच नाही. एकदा एका मुलीने शहात्तर ऐकून १०० आणि त्याखाली ७० लिहिले होते. शंभर आणि सत्तर! मी ती नोंद वाचून हसले, आणि मग 'शहा' या तुकड्यात सहा ऐकू येण्यासारखे काय आहे याचा विचार करीत बसले.

आता त्या दोन मुलांकडे.

वहीतली 'म'ची पाने उघडली तर ती जवळजवळ सगळी अदलाबदलीची निघाली. त्याला बावन्न म्हणजे काय हे माहीत होते. बावन्न बिया मोजून दे म्हटले की तो पाच गठ्ठे आणि दोन सुट्या बिया आणून देत असे. चूक फक्त लिहिताना, आणि तीही नेहमी एकाच दिशेने. 'र'ची पाने वेगळी होती. त्याच्या पुष्कळ जागा कोऱ्याच होत्या, आणि जिथे लिहिले होते तिथे संख्या कुठल्या कुठे. त्याच्या दोन संख्या बरोबर येत होत्या त्या बहुधा वीसच्या आतल्या असत.

'र'चे वडील गवंडीकाम करतात. पहिली त्याने आजोळी, कर्नाटकातल्या शाळेत काढली होती, ही गोष्ट त्याच्या दाखल्यावर स्पष्ट लिहिलेली होती आणि मी ती वाचलेलीही होती. एके दिवशी मी त्याला म्हटले, "तुझ्या भाषेत मोज बघू." तो आधी बोलेना. माझ्याकडून कन्नड चालेल, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. मग हळू आवाजात सुरू झाला, आणि शंभरापर्यंत कुठेही न अडखळता गेला. मी फळ्यावर ५२ लिहिले, तो म्हणाला, 'ऐवत्तेरडु'. २९ लिहिले, 'इप्पत्तोंबत्तु'. दोन संख्यांची बेरीज सांगितली तर ती त्याने तोंडी, दशके आधी जोडून केली, माझ्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा लवकर.

त्याला संख्या येत होत्या. त्याला मराठीतली संख्यानामे येत नव्हती. आणि मी त्याला दोन महिने मणी मोजायला बसवले होते.

या दोन महिन्यांची नोंद कुठल्याही अहवालात नाही. तो मुलगा त्या काळात वर्गात कमी कमी बोलू लागला होता, हे माझ्या लक्षात होते. मी त्याचा स्वभाव शांत आहे असे समजत होते. 'म' आणि 'र' यांच्यापुढचे 'दहापैकी दोन' हे दिसायला एकच होते, पण एकाला शब्द येत होता आणि लिहिण्याची दिशा चुकत होती, दुसऱ्याला संख्या येत होती आणि शब्द येत नव्हता. मी दोघांनाही तिसराच आजार लावला होता : संख्याबोध नाही.

त्यानंतर मी मुलांबरोबर स्वतःचीही नोंद घ्यायचे ठरवले. मोबाइल टेबलावर उलटा ठेवून एक तास ध्वनिमुद्रित केला आणि रात्री ऐकला. ज्यांनी हे केले नसेल त्यांना सांगते, स्वतःचा तास ऐकणे हे फार सुखाचे नसते. मी प्रश्न विचारत होते आणि मुलाने तोंड उघडण्याआधी उत्तराचा पहिला तुकडाही मीच देत होते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात. हे मी परीक्षेसाठी पाठ केलेले होते, गुणही मिळाले होते.

पण त्या ध्वनिमुद्रणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य दुसरेच होते. माझाच आवाज, 'म'ला उद्देशून : "उलटं लिहू नको रे, आधी डावीकडचा लिही." नीट आठवून पाहिले. 'म' काय करीत होता? 'बावन्न' ऐकून त्याने जरा जागा सोडून आधी २ लिहिला होता आणि मग त्याच्या डावीकडे ५ लिहायला पेन्सिल नेली होती. म्हणजे कान आणि हात यांच्या उलट दिशांवर त्याने आपला तोडगा काढला होता! ऐकू येईल तसे लिहायचे, फक्त जागा नीट धरायची. उत्तर ५२ येणार होते. मी त्याला अडवले, 'डावीकडचा आधी' म्हटले, आणि त्याने निमूटपणे, जो अंक त्याच्या कानात आधी होता तो डावीकडे लिहिला : २५.

ती चूक माझ्या सांगण्यावरून झालेली होती. किती वर्षे मी किती मुलांना हे सांगितले असेल, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही.

पुढे काय केले ते थोडक्यात सांगते, कारण उपायांच्या याद्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत भरपूर असतात. पाटीवर दोन चौकटी आखल्या. एकक आधी लिहायला पूर्ण मुभा दिली, मात्र ते उजव्या चौकटीत. 'म' आणि त्याच्यासारख्या मुलांची अदलाबदल यानेच बरीचशी थांबली. काही महिन्यांनी त्यांनी चौकटी आपणहून सोडल्या. 'र'साठी मी संख्यानामांचा तक्ता केला : मधे अंक, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला त्याने सांगितलेली कन्नड नावे देवनागरीत. तो तक्ता वर्गात लागल्यावर इतर मुलांनी कन्नड मोजणी त्याच्याकडून शिकून घेतली. त्या आठवड्यात माझ्या तासाला सर्वांत जास्त आवाज त्याचा होता.

मी 'पन्नास दोन' ही रीतही वापरून पाहिली. वाचकांना आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील 'वीस एक', 'वीस दोन' या वाचनपद्धतीवरून मोठा वाद झाला, तो विधानसभेपर्यंत पोचला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगितली, तरी टिंगलच फार झाली. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. दुसरीच्या मुलांनी पाटीवर नेमके काय लिहिले, हे मात्र कोणी फारसे सांगितले नाही. नॉर्वेमध्ये अशीच दुरुस्ती १९५१ मध्ये तिथल्या संसदेच्या निर्णयाने झाली. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना गोंधळ होतो, म्हणून दूरध्वनी खात्याने ती मागितली होती. शाळा आणि सरकारी कामकाज बदलले, पण जुनी 'दोन-आणि-पन्नास'ची रीत लोकांच्या तोंडून आजही पुरती गेलेली नाही.

माझ्या वर्गात 'पन्नास दोन'ने काय झाले? लिहिणे सुधारले, यात शंका नाही. 'र'ला तर ती आपलीच भाषा वाटली. पण बाजारात दुकान असलेले एक पालक शाळेत येऊन म्हणाले, "टीचर, आमच्या दुकानार कोणूच 'पन्नास दोन रुपया' म्हणना." त्यांचे म्हणणे खरे होते. शिवाय वहीत असे दिसत होते की 'पन्नास दोन' बिनचूक लिहिणारे मूल 'बावन्न'पाशी पुन्हा तिथेच अडखळत होते. म्हणून मी दोन्ही जोडीने म्हणू लागले : 'पन्नास आणि दोन, बावन्न'. हा पूल आहे, आणि पुलाच्या पलीकडे बावन्नच आहे. ज्यांना पूल नको त्यांनी न वापरावा. माझे मत एवढेच आहे, आणि ते एका खोलीतल्या मुलांवरून बनलेले आहे.

'एकोण'चे कोडे मात्र मी सोडवले नाही. ते सोडवले दुसरीतल्या एका मुलीने.

वजाबाकी शिकवताना आम्ही 'उणे' हा शब्द वापरतो : सात उणे तीन. मराठी बोलण्यात तो आता पुस्तकी झाला आहे, पण गोव्यातल्या कोकणीत 'उणें' रोजचा शब्द आहे. मधल्या सुटीत पाव-भाजी खाताना ही मुलगी सहज म्हणाली, "भाजयेक मीठ उणें जालां." दुपारी मी फळ्यावर एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी रांग लिहीत होते. तिने हात वर केला. "टीचर, एकोण म्हळ्यार एक उणें?"

मी क्षणभर खडू हातात धरून उभी राहिले. संस्कृतातला 'एकोनविंशति', एक ऊन वीस, म्हणजे एक कमी वीस, हे मला माहीत होते. पण ते माझ्या डोक्यात व्याकरणाच्या कप्प्यात होते आणि वजाबाकी गणिताच्या कप्प्यात. त्या मुलीच्या डोक्यात मधे भिंतच नव्हती. आम्ही लगेच माळेवर चाळीस मणी मोजले आणि शेवटचा एक मागे सरकवला. चाळीसला एक उणा. एकोणसाठ? साठला एक उणा. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतच्या आठही संख्या मुलांनी त्या दुपारी स्वतः करून पाहिल्या. पुढच्या बुधवारच्या वहीत ४१ वाल्यांनी ३९ लिहिले होते. १४ वाल्याने १४ च लिहिले. त्याची गोष्ट वेगळी होती आणि त्याला चौकटींचीच गरज होती.

आणखी एक झाले. नव्वदच्या पुढे जाताना मुलांनी ९९ ला 'एकोणशंभर' म्हटले. नव्याण्णव हा शब्द मी सांगितला तेव्हा ती चक्क रुसली. नियम त्यांनी शोधला होता आणि भाषेने तो शेवटच्या पायरीवर मोडला होता. माझी पहिली ऊर्मी 'चूक आहे' म्हणण्याची होती. तेव्हा मला डेबोरा बॉल यांचा वर्ग आठवला. या अमेरिकन अध्यापिकेने १९८९-९० मध्ये मिशिगनमधल्या एका शाळेत तिसरीला गणित शिकवताना वर्षभराच्या तासांच्या सविस्तर नोंदी ठेवल्या होत्या. त्यांच्या वर्गातला, लेखात शॉन या नावाने येणारा मुलगा एकदा म्हणाला, की सहा ही संख्या सम आहे आणि विषमही, कारण तिच्यात दोनाच्या तीन जोड्या आहेत आणि तीन विषम आहे. बाईंनी त्याला झटकले नाही. वर्गाने अशा संख्या शोधल्या, ६, १०, १४, १८, आणि त्यांना शॉनचेच नाव दिले. सहा विषम नाही, हे त्यांनी सोडले नाही. पण त्या मुलाने एक खरा गुणधर्म पाहिला होता, हेही सोडले नाही. आमच्या वर्गाच्या भिंतीवर ९९ पुढे आता दोन शब्द आहेत : 'नव्याण्णव', आणि खाली लहान अक्षरांत 'आमचे एकोणशंभर'.

या अभ्यासाच्या मर्यादा सांगायला हव्यात. खोली एक, शिक्षिका एक, आणि नोंद घेणारी व शिकवणारी बाई एकच. तुलनेसाठी दुसरा वर्ग नाही. मुले वर्षभरात तशीही मोठी होतातच. जे सुधारले त्यातले किती माझ्यामुळे आणि किती वयामुळे, हे माझी वही सांगू शकत नाही. तिच्यातून सर्व मुलांसाठी नियम काढता येणार नाही. तिच्यातून 'म' आणि 'र' वेगळे दिसले, एवढे मात्र खरे.

या वार्षिकाचे वाचक ज्या ज्या गावी मराठी शाळा चालवतात, तिथे मराठीच्या शेजारी दुसरी भाषा असतेच. बेळगावात कन्नड, हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू, इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, बडोद्यात गुजराती. हिंदी बोलणारे मूल 'उनतालीस' ऐकून काय लिहिते? गुजरातीतला 'ओगण' मराठीतल्या 'एकोण'पाशी मदतीला येतो की आड येतो? तेलुगू घरातले मूल 'र'सारखेच कोऱ्या जागा सोडते का? याची उत्तरे तिथल्या शिक्षकांच्याच बुधवारांत आहेत. मुलाने लिहिलेला आकडा खोडण्याआधी उतरवून घेतला की काम सुरू झाले. कोणी अशी वही ठेवली तर मला ती वाचायला आवडेल. निळ्या पुठ्ठ्याची फाईल पाठवू नये.

'म' आणि 'र' आता माझ्या खोलीत नाहीत, ते पलीकडच्या चौथीत गेले. माझी दुसरी वही या जूनमध्ये सुरू झाली. ती घड्याळाची आहे. पावणेतीन म्हटले की बरीच मुले काटे सव्वातीनवर नेतात. त्यांना 'पाव' ऐकू येतो आणि 'तीन' ऐकू येतात, मग पाव आणि तीन. 'पावणे'मध्येही तेच 'उणे' लपले आहे. मी अजून काही सांगितलेले नाही. त्या दुपारी प्रश्न विचारणारी मुलगी या वर्षी तिसरीत आहे, खिडकीजवळ बसते, आणि गेल्या बुधवारी तिनेही सव्वातीनच दाखवले.